‘चान्स किती?’ विचारणाऱ्या नागपूरकर पालकांना खुले पत्र

पालकहो, नमस्कार.

अभियांत्रिकी प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागला की आपल्या नागपुरात दोन प्रश्न लागोपाठ येतात. पहिला, ‘किती पर्सेंटाइल?’ आणि त्याच दमात दुसरा, ‘मग कुठं लागंल?’ पहिल्याचं उत्तर दशांशचिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत मिळतं. दुसऱ्याचं उत्तर ज्याच्या-त्याच्याकडे तयार असतं. शेजारच्या काकांकडे असतं, क्लासच्या काउंटरवर बसलेल्या ताईकडे असतं, मोबाईलमधल्या प्रेडिक्टरकडे तर टक्क्यांसकट असतं. मी इथल्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो आणि पाऊस लागायच्या सुमाराला ओळखीपाळखीच्या मुलांचे ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाच्या याद्या, तपासत बसतो. त्या बसण्यातून जे दिसतं ते तुम्हाला सांगायला हे पत्र. परीक्षा आणि प्रवेश सांभाळणाऱ्या सीईटी सेललाही तीन गोष्टी सांगायच्या आहेत, पण त्या नंतर.

माझं म्हणणं एवढंच आहे: प्रवेशाचा अंदाज जरूर काढा, पण त्यावर यादीचा क्रम लावू नका. क्रम लावायचा तो पसंतीनं. अंदाजाचं काम वेगळं. यादी खाली कुठवर न्यायची आणि तळाशी काय ठेवायचं, हे त्यानं ठरवायचं. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं.

मागच्या हंगामात मानेवाड्याकडचे एक वडील आले होते. मुलाला ९२ पर्सेंटाइल. प्लास्टिकच्या फाइलीत छापील यादी, आणि वरच्या पाच-सहा ओळींवर पट्टी धरून लाल पेनानं काट मारलेली. काट इतकी नीट की खालचं कॉलेजचं नाव वाचता येत होतं. मुलाला मनापासून हवं असलेलं कॉलेज त्या काटेखालीच होतं. मी विचारलं, हे का काढलं? तर म्हणाले, ‘सर, हे तर भेटतच नाही. काहून जागा वाया घालवाची?’ मुलगा बाजूला बसून मोबाईल बघत होता. म्हणजे बघत नव्हता, ऐकत होता.

आता या जागा वाया घालवण्याचं बघू. कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फॉर्ममध्ये तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. तिथे जागेची टंचाई नाही. वाटप कसं होतं, तर गुणवत्ता यादीतल्या क्रमानं. तुमच्या पोराचा नंबर आला की यंत्रणा त्याचा पहिला पर्याय बघते. तिथे त्याला लागू असलेल्या प्रकारची जागा शिल्लक असेल तर दिली, नसेल तर दुसरा पर्याय, मग तिसरा. पंचविसाव्या पर्यायापर्यंत गेली तरी पहिल्या चोविसांचा दंड लागत नाही. वर भारी कॉलेज लिहिलं म्हणून खालच्या कॉलेजाला राग येत नाही आणि त्याच्याकडची जागा दुसऱ्या कुणाला जात नाही. ‘पहिल्या पसंतीवाल्याला आधी देतात’ हा समज आपल्याकडे पक्का रुजलाय, आणि तो चुकीचा आहे. ज्याचा मेरिट नंबर वर, त्याला आधी. त्यानं ते कॉलेज विसाव्या नंबरवर लिहिलेलं असलं तरी. त्यामुळे न मिळण्यासारखं कॉलेज वर ठेवण्यात तोटा शून्य आहे. ते काढून टाकण्यात मात्र आहे. कटऑफ कधीमधी खाली घसरतो आणि त्या दिवशी ज्याच्या यादीत ते नाव असतं त्यालाच जागा मिळते.

याला एक वळसा आहे आणि तो नीट समजून घ्या. २०२५ च्या प्रवेशांत चार फेऱ्या झाल्या आणि नियम असा होता: पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती पक्की, पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी काही मिळालं तरी तसंच. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. म्हणजे वरच्या सहा ओळी नुसत्या हौसेच्या नाहीत, तिथे गाडी थांबू शकते. त्यामुळे तिसऱ्या नंबरवर ‘असू दे’ म्हणून टाकलेलं कॉलेज दुसऱ्या फेरीत गळ्यात पडू शकतं आणि पहिल्या नंबरवरच्या कॉलेजात पुढे जागा निघाली तरी तुमचं पोरगं शर्यतीतच नसतं. प्रत्येक फेरीला फॉर्म नव्यानं भरता येतो. तेव्हा दुसऱ्या फेरीच्या आधी पहिली तीन आणि तिसरीच्या आधी पहिली सहा नावं पुन्हा वाचा आणि पोराला विचारा, इथं थांबावं लागलं तर चालेल का? ‘चालेल’ म्हणायला त्याला वेळ लागला तर ते नाव खाली सरकवा. नियम दर वर्षी बदलू शकतात, म्हणून फॉर्म भरताना त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचायची. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला तिचा सारांश चालत नाही.

आता अंदाजाकडे येतो.

कटऑफ म्हणजे कॉलेजानं ठरवलेली पायरी असं बरेच जण समजतात. कॉलेज काहीही ठरवत नाही. मागच्या वर्षी त्या रकान्यातल्या शेवटच्या पोराला जागा मिळाली, त्याचा नंबर म्हणजे कटऑफ. त्याच्या पुढची पोरं दुसरीकडे गेली म्हणून त्याला मिळाली. यंदा ती दुसरीकडे जातील की नाही हे कुणालाच माहीत नाही, त्यांनाही नाही.

आणि पर्सेंटाइलवर तर अजिबात विसंबू नका. का, ते हिशेबानं दाखवतो. पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाची सीईटी २०२४ मध्ये सुमारे २ लाख ९५ हजार मुलांनी दिली. २०२५ मध्ये सुमारे ४ लाख २२ हजारांनी. ९५ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातली पाच पोरं तुमच्या पुढे. २०२४ ला हे पाच टक्के पंधरा हजारांच्या आत होते, २०२५ ला एकवीस हजारांच्या वर. पर्सेंटाइल तेच, पुढची रांग सहा हजारांनी लांब. उलटं करून बघा. जी जागा २०२४ ला पंधरा हजाराव्या मुलापाशी, म्हणजे ९५ च्या आसपास संपली, ती २०२५ ला पंधरा हजाराव्याच मुलापाशी संपली तरी कटऑफ दिसणार साडेशहाण्णवच्या आसपास. ना कॉलेज बदललं, ना शाखेची मागणी वाढली, तरी दीड पर्सेंटाइल वर. आणि आपण म्हणतो, ‘बाप्पा, यंदा किती वाढलं!’ सीईटी देणारे सगळेच कॅपला नोंदणी करत नाहीत, म्हणून प्रत्यक्षातला मेरिट नंबर या हिशेबापेक्षा बराच आधीचा येतो. पण त्यामुळे तर मी सांगतो तेच खरं ठरतं: पर्सेंटाइल बाजूला ठेवा, राज्य गुणवत्ता यादीतला क्रमांक घ्या आणि मागच्या वर्षांच्या कटऑफमध्येही क्रमांकच बघा. कटऑफच्या पीडीएफमध्ये दोन्ही छापलेले असतात, वर क्रमांक आणि खाली कंसात पर्सेंटाइल. आपली नजर कंसाकडे जाते.

तीच पीडीएफ जरा जवळून बघू. हजाराच्या घरातली पानं, बारीक टाइप. नागपूर विभागाची कॉलेजं शोधायला नावं चाळत बसू नका, संस्थेचा कोड ४ च्या मालिकेत असतो (मुंबई ३, पुणे ६). प्रत्येक शाखेखाली रकाने असतात, त्यांची नावं परग्रहावरची वाटतात: जीओपनएच, एलओपनएच, जीओबीसीओ, टीएफडब्ल्यूएस (शिकवणी फी माफीच्या जागा). पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचं अक्षर एच असेल तर गृह विद्यापीठ, ओ असेल तर गृह विद्यापीठाबाहेरचे, एस असेल तर राज्यस्तर. मुलगी असेल तर जी आणि एल दोन्ही रकाने तिचे. राखीव प्रवर्गातलं पोरगं असेल तर ओपनचा रकानाही त्याचा. घाबरलेले पालक हे विसरतात आणि आपला चान्स स्वतःच अर्धा करून घेतात.

शेवटच्या त्या एका अक्षरानं दर वर्षी चार घरांची झोप उडते. एच आणि ओ या दोन रकान्यांत ७० आणि ३० टक्क्यांची वाटणी असते, आणि गृह विद्यापीठ ठरतं ते बारावी कुठून पास झालं यावर. घर कुठे आहे याला अर्थ नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या हद्दीत नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया. चंद्रपूर-गडचिरोली २०११ पासून गोंडवाना विद्यापीठात. आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. पोरगं दोन वर्षं नागपुरातच क्लासला असतं, राहतं नंदनवनला, पण बारावीचं नाव असतं दूर कुठल्या तरी गावातल्या कॉलेजात, कारण तिथे हजेरीची कटकट नाही. ते गाव काटोलकडे असेल तर ठीक. पण वरुडकडे असेल तर ते अमरावती विद्यापीठ, आणि जन्मभर नागपुरात राहिलेलं पोरगं नागपूरच्या कॉलेजांसाठी ‘बाहेरचं’ होतं. त्याचा रकाना ओ. एचवर हिशेब करून केलेली त्याची अख्खी यादी चुकते. दहावीनंतर क्लास लावताना हे कुणी सांगत नाही, आणि सांगणाऱ्याचा त्यात फायदाही नाही.

रकान्यात जागा किती, हा यापुढचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. ढोबळ हिशेब मांडतो. खाजगी कॉलेजातली साठ जागांची शाखा घ्या. संस्थापातळीच्या, म्हणजे कॉलेजानं स्वतः भरायच्या, वीस टक्के, म्हणजे बारा गेल्या, उरल्या अठ्ठेचाळीस. त्यातल्या ७० टक्के गृह विद्यापीठाच्या, साधारण चौतीस. आरक्षण वजा जाता खुल्या प्रवर्गाला सुमारे ४० टक्के, म्हणजे तेरा-चौदा. त्यातल्या ३० टक्के मुलींच्या. म्हणजे जीओपनएच या एका रकान्यात साठांपैकी उरतात नऊ-दहा. अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजात तर आणखी वेगळं. ‘साठ सीटा आहेत ना, लागून जाते’ म्हणणाऱ्याला हे नऊ-दहा दाखवा. टीएफडब्ल्यूएसच्या जागा पाच टक्के जादा असतात, साठाला तीन. तीन जागांतला शेवटचा मुलगा कोण, हे निव्वळ योगायोगावर ठरतं. एका वर्षी एक हुशार पोरगी पुण्याला गेली की पुढच्या यादीत तो आकडा हजारोंनी हलतो. म्हणून कमी जागांच्या रकान्यातला कटऑफ बघून ‘नक्की मिळेल’ असंही म्हणू नका आणि ‘मिळणारच नाही’ असंही. जास्त जागांच्या रकान्यातला आकडा त्या मानानं शहाण्यासारखा वागतो. कोणत्या शाखेत कोणत्या रकान्याच्या किती जागा, हा तक्ता दर वर्षी कॅपच्या आधी जाहीर होतो. तो उघडून बघणारा पालक मला क्वचितच भेटतो.

मग मागच्या वर्षाशी तुलना करायची तरी कशी? किमान तीन वर्षांचे मेरिट क्रमांक शेजारी मांडा आणि मधे काय काय घडलं ते लिहून ठेवा. २०२४ मध्ये मराठा समाजासाठी एसईबीसीचं (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाचं) १० टक्के आरक्षण आलं. त्याआधी या समाजातली पोरं ईडब्ल्यूएसमधून (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातून) जात होती. त्यामुळे २०२३ चा ईडब्ल्यूएस आणि २०२४ चा ईडब्ल्यूएस या नावाला सारख्या, पण दोन वेगळ्याच रांगा आहेत. ओपनचंही तेच. त्याच वर्षी आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. फी नाही म्हटल्यावर कोणती मुलगी कोणतं कॉलेज वर लिहिते हे बदलणारच. आणि त्याच वर्षापासून एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेनं, शाखेच्या प्रवेशक्षमतेवरची वरची मर्यादा काढली, तेव्हापासून कॉम्प्युटरच्या जागा ठिकठिकाणी वाढताना दिसतात. जागा वाढल्या की कटऑफ खाली येतो. कॉलेज घसरलं म्हणून नव्हे. आपल्या एलआयटीसारखी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट) १९४२ पासूनची संस्था २०२३ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाली. असं काही घडलं की तिथले जुने रकाने आणि नवे नियम पुन्हा तपासायचे, जुन्या आकड्यावर उडी मारायची नाही.

हे सगळं मांडलं की प्रत्येक कॉलेजाला एक आकडा न मिळता एक पट्टा मिळतो. समजा तीन वर्षांत एखादी जागा ११ हजार, १४ हजार आणि १२ हजारापाशी संपली. तुमचा नंबर ९ हजार असेल तर निश्चिंत राहा. १३ हजार असेल तर सांगता येत नाही, आणि जो ‘७८ टक्के चान्स’ म्हणतो तो तुमच्याइतकाच अंधारात आहे. १८ हजार असेल तर आशा कमी, पण हवं असेल तर लिहा, वर लिहा.

आता जी चूक चांगले शिकलेले पालकही करतात, ती सांगतो. यादी ‘सेफ’ करायला ते पट्ट्यातली दहा कॉलेजं टाकतात, सगळी कॉम्प्युटर किंवा एआय, सगळी नागपूरच्या चौफेर. मनात हिशेब असा की प्रत्येकात पन्नास टक्के चान्स, मग दहांत एक तर लागणारच. नाणं दहादा उडवलं असतं तर हे खरं होतं. पण इथे दहा वेगळी नाणी नाहीतच. यंदा कॉम्प्युटरची मागणी वाढली तर दहाही कटऑफ एकदम वर जातात. तुमच्या पुढे पाचशे पोरं जास्त आली तर ती दहाही ठिकाणी पुढे असतात. नाग नदीच्या काठावर ओळीनं घरं घेतली म्हणून पुराचा धोका वाटला जात नाही. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट अंबाझरी तलावाच्या खालच्या, पुरात सापडलेल्या वस्त्यांना विचारा. म्हणून यादीचा तळ वेगळ्या जातीचा हवा. दुसरी शाखा, थोडं दूरचं गाव, आणि तेही असं की मेरिट नंबर तिथल्या तीन वर्षांच्या सगळ्यात कडक कटऑफच्याही बराच पुढे आहे. असे चार-पाच पर्याय खाली असले की रात्री झोप लागते. राज्यात अभियांत्रिकीच्या जागा दोन लाखांच्या घरात गेल्यात, जागाच मिळणार नाही अशी भीती बाळगायचं कारण नाही. कुठली मिळेल हा प्रश्न आहे, आणि तळ न ठेवता फॉर्म भरणाऱ्यांना तो चौथ्या फेरीत फार वाईट रीतीनं विचारला जातो.

तळाला ठेवलेलं कॉलेज एकदा बघून या, मात्र. वानाडोंगरीला किंवा बुटीबोरीकडे रोज जायला किती वेळ लागतो हे कटऑफमध्ये लिहिलेलं नसतं. शुल्क नियामक प्राधिकरणानं ठरवलेली फी किती आणि बस-होस्टेल धरून घरातून किती जाणार, हेही नाही. जिथे पोरगं गेलंच नसतं ते कॉलेज यादीत ठेवून तुम्ही यादी लांब करता, सुरक्षित करत नाही.

कागदपत्रांचं एका वाक्यात: नॉन-क्रिमिलेयरची मुदत संपलेली असेल किंवा जात वैधतेचं घोडं समितीत अडलं असेल, तर ज्या रकान्यावर तुम्ही महिनाभर हिशेब केलात तो तुमचा नसेलच.

व्हीएनआयटीबद्दल दर वर्षी विचारणा होते म्हणून सांगतो, ती वेगळी यादी आहे. तिथे सीईटी चालत नाही, जेईई मेनची रँक आणि जोसा, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या जागा वाटणारी केंद्रीय यंत्रणा. एनआयटी असल्यामुळे निम्म्या जागा गृहराज्याच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या पोरांच्या, त्यामुळे क्लोजिंग रँक बघताना होम स्टेटची ओळ बघा, बाहेरच्यांची नव्हे. ट्रिपल आयटी नागपूर मात्र आपल्याच जिल्ह्यात असली तरी तिथे गृहराज्याचा वाटा नसतो. आणि ज्यांची पोरं नीटवाली, म्हणजे मेडिकलची, आहेत त्यांनी तर गुणांचं नावच काढू नये. २०२५ मध्ये देशातल्या पहिल्या मुलाला ७२० पैकी ६८६ होते. २०२४ मध्ये पूर्ण ७२० मिळवणारे एक-दोन नव्हते. २०२४ च्या गुणांवर २०२५ ची यादी लावणाऱ्यानं आधीच हात टेकले असणार. तिथेही रँकच बघायची.

आता समुपदेशकांबद्दल. या शहरात काही माणसं हे काम मन लावून करतात, त्यांना नमस्कार. पण एका ठिकाणची यादी माझ्याकडे दोन घरांतून आली, नावं न सांगता बोलतो. दोन्ही पोरांचे नंबर सारखे, म्हणून दोन्ही याद्या शब्दशः सारख्या. एकाला सिव्हिल आवडत होतं, दुसऱ्याला नागपूर सोडायचं नव्हतं. यादीला याचा पत्ताच नव्हता. फी पाच आकडी. पैसे द्यायचेच असतील तर द्या, पण पोरगं समोर बसलेलं असताना त्याच्याशी निम्मा वेळ न बोलणाऱ्याला देऊ नका. आणि प्रेडिक्टरनं टक्के दाखवले तर विचारा, हा टक्का कुठल्या रकान्याचा, किती वर्षांच्या आकड्यांवर, एच का ओ? उत्तर आलं तर वापरा.

सीईटी सेलमधल्या वरिष्ठांनी हे पत्र इथवर वाचलं असेल तर त्यांच्यासाठी. जोसा पहिल्या फेरीच्या आधी मॉक वाटप करून दाखवते. भरलेल्या पर्यायांवर आज वाटप झालं असतं तर काय मिळालं असतं, हे पोराला कळतं आणि मग तो यादी बदलू शकतो. आपल्याकडे हे का नाही? एक मॉक फेरी झाली तर गल्लोगल्लीच्या अंदाजाचा निम्मा धंदा बसेल. दुसरं, कटऑफ पीडीएफमध्ये कोंडण्याऐवजी शोधता येईल, गाळता येईल असा तक्ता द्या, आणि प्रत्येक आकड्याशेजारी त्या रकान्यात जागा किती होत्या तेही छापा. तीन जागांचा आकडा आणि तीस जागांचा आकडा एकाच टाइपात शेजारी बसवल्यावर सामान्य माणसाला फरक कसा कळणार? तिसरं, पहिल्या तीन-सहा पसंतींना सक्तीनं थांबवण्याचा नियम. फेऱ्या लवकर आटपाव्यात, जागा अडून राहू नयेत, हा हेतू समजतो. पण त्यामुळे गुणवत्तेनं पहिल्या पसंतीला पात्र ठरू शकणारं पोरगं तिसऱ्या पसंतीवर अडकतं आणि त्याच्या मागचं पोरगं नंतरच्या फेरीत ती जागा घेऊन जातं. जोसात मिळालेली जागा हातात ठेवून वरच्या पसंतीची वाट बघता येते. इथेही जागा स्वीकृतीची रक्कम भरून घेऊन तसं करता येईल.

आणि पालकहो, पुन्हा तुमच्याकडे. पहिली फेरी लागली की जुन्या वर्षांचे तक्ते मिटून ठेवा. यंदाच्या पोरांनी यंदाच्या जागांसाठी काय लिहिलं, याचा खरा आकडा त्या दिवशी पहिल्यांदा समोर येतो. तुमच्या रकान्याचा पहिल्या फेरीचा मेरिट क्रमांक मागच्या वर्षीच्या पहिल्या फेरीशी ताडून बघा (शेवटच्या फेरीशी नको, तिथेच गल्लत होते). आठ-दहा ओळखीच्या शाखांत तो एकाच दिशेनं सरकलेला दिसला तर तुमच्या बाकीच्या पट्ट्यांनाही तेवढाच सरकवा आणि दुसऱ्या फेरीचा फॉर्म त्यावर भरा. फॉर्म शेवटच्या दिवशी संध्याकाळी भरू नका. साइट अडखळते, ओटीपी येत नाही आणि बापाचा मोबाईल नेमका ड्युटीवर गेलेला असतो. पासवर्ड क्लासवाल्यांना देऊ नका. कन्फर्म करायच्या आधी वरची सहा नावं पोराच्या तोंडून, मोठ्यानं, वाचून घ्या.

आपला,
गणिताचा एक शिक्षक
नागपूर